‘शनिवारी सकाळी साडेसात’ची तारीख कशी काढायची: कोकणातल्या बुकिंग संकेतस्थळांसाठी

मुरुडपासून देवबागपर्यंत किनाऱ्यावरच्या होमस्टेंची आणि बोटवाल्यांची संकेतस्थळं आता पुष्कळ झाली. बहुतेकांत तारीख निवडायला कॅलेंडर असतं, आणि ते असावंच. जिथे कॅलेंडरने काम भागतं तिथे मजकुरातून तारीख शोधायच्या भानगडीत पडू नये. पण काही ठिकाणी सुटका नसते. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर ‘येत्या शनिवारी सकाळी साडेसातची डॉल्फिन फेरी आहे का’ असं विचारतं. मालक एक्सेलच्या रकान्यात ‘सोम-शनि स. ८ ते दु. १२’ एवढंच लिहून पाठवतो. आठवडी बाजाराची माहिती ‘दर बुधवारी’ अशीच येते. हा मजकूर वाचून खरी तारीख काढणारा पार्सर कसा लिहायचा, ते इथे क्रमाने दिलं आहे. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. उदाहरणांत ‘आत्ता’ म्हणजे बुधवार, ४ नोव्हेंबर २०२६, सकाळी १०:३०.

तयार फंक्शनवर का विसंबू नये

जावास्क्रिप्टच्या ‘डेट’ला नुसतं इंग्रजी ‘सॅटरडे’ दिलं तर ते ‘इनव्हॅलिड डेट’ म्हणतं. निदान हे प्रामाणिक आहे. पण क्रोममध्ये इंग्रजीत ‘टेस्ट १’ दिलं की १ जानेवारी २००१ ही तारीख मिळते, कारण आकड्याआधीचा न कळलेला शब्द ते सोडून देतं आणि १ हा महिना धरतं. ‘रूम ५’चा मे महिना होतो तो याच न्यायाने. म्हणजे ‘तारीख निघाली, अर्थी मजकूर बरोबर होता’ हे गृहीतच चूक आहे.

पीएचपीच्या ‘स्ट्र-टू-टाइम’ला इंग्रजी वार चांगले कळतात, मराठी अजिबात नाहीत. मराठी मजकुरावर ते ‘फॉल्स’ (म्हणजे जमलं नाही) परत देतं. तो तपासला नाही आणि तसाच तारखेच्या फंक्शनला दिला, तर पडद्यावर १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी वेळ उमटते. यादीत १९७० दिसलं की गुन्हेगार हाच समजा. दुसरी गोष्ट तिरक्या रेघेची. पीएचपी ०७/११/२०२६ हे अमेरिकन पद्धतीने ११ जुलै वाचतं, आणि ०७-११-२०२६ हे ७ नोव्हेंबर. एकाच रकान्यात दोन्ही प्रकार असले तर निम्म्या तारखा मुकाट्याने बिघडतात, आणि ज्यांत दिवसाचा आकडा १२ पेक्षा मोठा आहे त्या तेवढ्या चूक दाखवतात.

वार आणि तारीख जुळत नसतील तेव्हा तर गंमतच. इंग्रजीत ‘रविवार ७ नोव्हेंबर २०२६’ दिलं, जेव्हा ७ तारखेला शनिवार आहे, तर क्रोम वाराकडे दुर्लक्ष करून ७ तारीख देतं आणि पीएचपी पुढे सरकून ८ तारीख देतं. दोघंही तक्रार करत नाहीत. गिऱ्हाईक मात्र एका दिवशी धक्क्यावर उभं असतं आणि बोट दुसऱ्या दिवशी.

आधी ‘आज’ पक्का करा

या विषयातल्या निम्म्या चुका वारात नसतात, ‘आज’ कुठला यात असतात. सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर, चालतो. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणून मध्यरात्री १२ ते पहाटे ५:३० या काळात सर्व्हरच्या लेखी कालचाच वार चालू असतो. गुरुवारी रात्री १२:३०ला कुणी ‘उद्या’ लिहिलं तर यूटीसीवर अजून बुधवार, संध्याकाळचे ७ वाजलेले. ‘उद्या’ म्हणून गुरुवार निघतो, म्हणजे लिहिणाऱ्याचा आजच. दिवसा तपासताना ही चूक कधी दिसत नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षं टिकते.

उलट बाजूने ब्राउझरवरही विसंबू नका. दुबईत बसलेला चाकरमानी बुधवारी रात्री ११ला फॉर्म भरतो तेव्हा गुहागरात गुरुवार उजाडून अर्धा तास झालेला असतो. बोट गुहागरातून सुटणार, तेव्हा ‘आज’ गुहागरचाच धरायचा आणि निघालेली तारीख त्याला वारासकट दाखवायची.

कृती अशी. जावास्क्रिप्टमध्ये ‘इंटल डेट-टाइम-फॉरमॅट’ला ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन देऊन ‘फॉरमॅट-टू-पार्ट्स’ने वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट वेगवेगळे काढा. भाषा इथे इंग्रजी ठेवा. ‘एमआर-आयएन’ (मराठी, भारत) ठेवलीत तर आकडे देवनागरीत येतील आणि पुढचं गणित अडेल. पीएचपीत ‘डेट-टाइम-इम्युटेबल’ बनवतानाच टाइमझोन द्या. पायथनमध्ये ३.९ पासून ‘झोन-इन्फो’ आहे. हाताने साडेपाच तास मिळवायची युक्ती करू नका. भारतात घड्याळ मागेपुढे होत नाही म्हणून बेरीज चुकत नाही हे खरं, पण त्या ऑब्जेक्टला अजून वाटत असतं की आपण यूटीसीत आहोत, आणि कुणीतरी पुढे तो पुन्हा भारतीय वेळेत बदलतो. मग यूटीसीपासून साडेपाचाऐवजी अकरा तासांचा फरक पडतो.

आणि महत्त्वाचं: पार्सरने स्वतः घड्याळ बघू नये. ‘आत्ता’ हे त्याला बाहेरून द्यायचं. असं केलं नाही तर बुधवारी पास झालेली चाचणी शनिवारी नापास होते आणि कारण सापडता सापडत नाही.

मजकूर धुऊन घ्या

मराठी मजकूर दिसतो एक आणि आत असतो दुसराच. क्रम पाळून पुढची सफाई करा.

पहिलं, युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे साठवलेलं असेल तर ते एकसारखं करणं. दुसरं, ‘दुसऱ्या’, ‘येणाऱ्या’ यांतला ऱ. काही कीबोर्ड तो स्वतंत्र अक्षर म्हणून टाकतात, काही साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडखूण असा तिघांचा संच टाकतात. दुसऱ्या प्रकाराचं पहिल्यात रूपांतर करा, आणि त्यानंतरच बाकीच्या अदृश्य खुणा काढा. आधी खुणा काढल्या तर ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं आणि पार्सरच्या शब्दकोशात सापडत नाही. एनएफसी हे काम करून देत नाही. ते फक्त र आणि नुक्ता यांची जोडी एक करतं.

तिसरं, आकडे. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ देवनागरी ७ला ‘नॅन’ (हा आकडाच नाही) म्हणतं, पीएचपीत त्याचा पूर्णांक शून्य होतो, पायथन मात्र बरोबर ७ देतो. रेगेक्समधली (मजकुरात साचे शोधणाऱ्या सूत्रांतली) अंकांची खूणही जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंक ओळखते. तेव्हा सगळे देवनागरी अंक सुरुवातीलाच इंग्रजी अंकांत बदला.

चौथं, वेळेतलं विरामचिन्ह. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर अपूर्णविराम शोधायचा कंटाळा येतो म्हणून लोक सर्रास विसर्ग टाकतात: ९ः३०. डोळ्यांना फरक कळत नाही, पार्सर मात्र तिथेच मरतो. दोन आकड्यांच्या मधला विसर्ग, टिंब आणि अपूर्णविराम हे तिन्ही एकच समजा. टिंबाला दशांशचिन्ह धरू नका, ९.३० म्हणजे नऊ वाजून तीस मिनिटं. पण ७.११ असेल तर? सात वाजून अकरा की सात नोव्हेंबर? मिनिटं पाचाच्या पाढ्यात नसतील आणि जवळ ‘वाजता’, ‘सकाळी’ असं काही नसेल तर निर्णय घेऊ नका, विचारा.

वार ओळखणं

प्रमाण सात नावांनी निम्मं काम होतं. लेखनभेद धरावेच लागतात: गुरुवार-गुरूवार, शनिवार-शनीवार-शनवार, रविवार-रवीवार. किनाऱ्यावर आणखी भर पडते. सोमार, मंगळार, शुक्रार, बेस्तरवार (गुरुवार), आयतवार किंवा ऐतवार (रविवार) ही रूपं दक्षिणेकडे बोलण्यात आहेत आणि जसं बोलतात तसं टाइपही होतं. ‘आयतवारी दोन खोल्यो गावतील काय?’ या प्रश्नावर तुमचं संकेतस्थळ गप्प बसलं तर गिऱ्हाईक शेजारच्या होमस्टेला फोन लावेल. रोमन लिपीतली रूपंही त्याच कोशात टाका. त्यांचं स्पेलिंग लोक आपापल्या परीने करतात, म्हणून स्वर गाळून व्यंजनं जुळवणं बरं पडतं.

पुढे प्रत्यय: सोमवारी, सोमवारचा, सोमवारच्या, सोमवारला, सोमवारपासून, सोमवारपर्यंत, सोमवारीच, सोमवारीही. प्रत्यय तोडून फेकू नका, बाजूला ठेवा. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असेल तर ती एक तारीख नाही, मुदतीचं एक टोक आहे.

लघुरूपं सगळ्यांत धोक्याची. ‘सोम’ शोधायला गेलात तर रत्नागिरीजवळचं सोमेश्वर सापडेल. ‘गुरु’त गुरुजी येतात, ‘शनि’त शनिमंदिर, आणि ‘रवी’ तर अर्ध्या गावाचं नाव. म्हणून लघुरूप तेव्हाच धरा, जेव्हा त्याच्यापुढे टिंब, आडवी रेघ, ‘ते’ किंवा दुसरं लघुरूप असेल. शब्दाची सीमा शोधणारी रेगेक्समधली नेहमीची खूण जावास्क्रिप्टमध्ये देवनागरीला चालत नाही, तिच्या लेखी देवनागरी अक्षर हे अक्षरच नाही. त्याऐवजी ‘आधी आणि नंतर युनिकोडच्या अक्षर किंवा मात्रा वर्गातलं काही नसावं’ अशी अट घाला. फक्त अक्षरवर्ग घेतलात तर काना-वेलांट्या निसटतात, कारण त्या वेगळ्या वर्गात मोडतात.

याच पायरीवर ‘नको’, ‘नाही’, ‘सोडून’, ‘शिवाय’ हे शब्दही शोधा. ‘शनिवारी नको, रविवारी चालेल’ यात पहिला सापडणारा वार नेमका नको असलेला आहे. हे शब्द दिसले की स्वयंचलित उत्तर थांबवून माणसाकडे पाठवणं शहाणपणाचं. नकार समजून घेणारं व्याकरण लिहिता येतं, पण वीस खोल्यांच्या धंद्याला ते परवडत नाही.

अंतराचं गणित

वाराला क्रमांक देताना प्रत्येक भाषेची तऱ्हा वेगळी. जावास्क्रिप्टच्या ‘गेट-डे’त रविवार ० आणि शनिवार ६. पायथनच्या ‘वीकडे’त सोमवार ०, ‘आयसो-वीकडे’त सोमवार १. पीएचपीत लहान ‘डब्ल्यू’ने रविवार ०, मोठ्या ‘एन’ने सोमवार १ ते रविवार ७. मायएसक्यूएलमध्ये ‘डे-ऑफ-वीक’ रविवारला १ म्हणतं आणि ‘वीकडे’ सोमवारला ०. एकच पद्धत निवडा, कोशातच तो क्रमांक लिहा आणि बाहेरून येणारा प्रत्येक क्रमांक दारातच त्या पद्धतीत बदला. इथे रविवार ० धरला आहे. सूत्रातलं % म्हणजे भागाकारानंतर उरणारा शेष.

अंतर = (हवा_वार − आजचा_वार + ७) % ७

बुधवार ३, शनिवार ६: (६ − ३ + ७) % ७ = ३, म्हणून ७ नोव्हेंबर. मंगळवार २: (२ − ३ + ७) % ७ = ६, म्हणून १० नोव्हेंबर. मधला ७ विसरलात तर जावास्क्रिप्ट आणि पीएचपीत −१ येतो आणि बुकिंग कालच्या मंगळवारी जातं. पायथनमध्ये शेष ऋण येत नाही, म्हणून तिथून उचललेला कोड इकडे आणला की फसतो.

खरी मेख अंतर ० आलं की. बुधवारीच कुणी ‘बुधवारी’ म्हणालं तर? नियम असा ठेवा: वेळ दिली असेल आणि ती अजून यायची असेल तर आजच, टळून गेली असेल तर ७ दिवस पुढे. वेळच दिली नसेल तर दोन्ही तारखा दाखवा. ‘येत्या बुधवारी’ असेल तर मात्र आज नाही, सरळ ७. ‘गेल्या’साठी उलटं गणित, (आजचा_वार − हवा_वार + ७) % ७, आणि शून्य आलं तर ७. बुकिंगच्या फॉर्मात ‘गेल्या’ आलं तर बहुधा ती तक्रार असते, बुकिंग नाही; तिला वेगळी वाट द्या.

‘पुढच्या शनिवारी’ याचा निकाल कुणीच लावू शकत नाही. बुधवारी हे बोलणाऱ्या दोन माणसांपैकी एकाच्या मनात ७ तारीख असते, दुसऱ्याच्या १४. पीएचपीचं ‘नेक्स्ट सॅटरडे’ ७ देतं, ‘सॅटरडे नेक्स्ट वीक’ १४. आकडेवारी जमवून अंदाज बांधण्यापेक्षा दोन बटणं दाखवा: ‘शनि. ७ नोव्हेंबर’ आणि ‘शनि. १४ नोव्हेंबर’. एक टिचकी जास्त, पण दिवाळीच्या तोंडावर खोली चुकीच्या तारखेला अडकत नाही.

‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. बुकिंगमध्ये पुढचा धरायला हरकत नाही. ‘आठ दिवसांनी’ म्हणजे बोलण्यात तोच वार, म्हणजे ७ दिवस. ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे बहुधा १४. शब्दांत लिहिलं असेल तर ७ आणि १४ धरून विचारा, आकड्यांत ‘१५ दिवसांनी’ लिहिलं असेल तर १५ आणि १४ दोन्ही दाखवा. १० किंवा १२ असेल तर शंकेला जागा नाही.

दिवस मिळवताना ८६,४०० सेकंदांनी (एका दिवसाचे सेकंद) गुणू नका. भारतात चालून जाईल, पण हा कोड लंडनमधल्या ब्राउझरवर चालला आणि मध्ये २५ ऑक्टोबर २०२६ आला, जेव्हा तिथली घड्याळं तासभर मागे जातात, तर मध्यरात्रीऐवजी आदल्या रात्रीचे ११ निघतात. ‘सेट-डेट’ने दिवस वाढवा किंवा पीएचपीत ‘प्लस ३ डेज’ द्या. आणि तारखेचे भाग एकेक करून बसवू नका: आज ३१ ऑक्टोबर असताना आधी महिना नोव्हेंबर केला की ‘३१ नोव्हेंबर’ होतो, तो घसरून १ डिसेंबर होतो, आणि मग दिवस ७ केला की ७ डिसेंबर. महिन्यातून एखाद्याच दिवशी दिसणारी चूक ती हीच.

वेळ

इथे मराठी पार्सर स्वतःच लिहावा लागतो, कारण तयार लायब्ररी साडे-पावणेच्या वाटेला सहसा जात नाहीत. नियम थोडे आहेत. ‘सव्वा’ म्हणजे त्या तासाची १५ मिनिटं, ‘साडे’ म्हणजे ३०, ‘पावणे’ म्हणजे आधीच्या तासाची ४५. अपवाद चार: पाऊण १२:४५, नुसतं सव्वा १:१५, दीड १:३०, अडीच २:३०. ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ मराठी माणूस लिहीत नाही, पण बाहेरून आलेला पाहुणा लिहील, तेव्हा ते १:३० आणि २:३० म्हणून स्वीकारा. ‘पावणेएक’ला १ वजा १ असं ०:४५ येतं, त्याचं १२:४५ करायला विसरू नका. ‘साडेसात’, ‘साडे सात’ आणि ‘साडे ७’ तिन्ही धरा. ‘साडेसाती’ मात्र वगळा, ती वेळ वेगळी. ‘दहाला पाच कमी’ (९:५५) आणि ‘दहा वाजून पाच मिनिटांनी’ (१०:०५) हे दोन साचेही हवेत.

मग प्रहर. पहाटे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी किंवा सायंकाळी, रात्री. त्यांची लघुरूपं प., स., दु., सं., सायं., रा. सरळ ‘दुपारी असेल तर १२ मिळवा’ असा नियम केला की ‘दुपारी पावणेबारा’चे रात्रीचे पावणेबारा होतात आणि ‘दुपारी साडेबारा’चे २४:३०. त्याऐवजी प्रत्येक प्रहराला तासांची मुभा ठरवा. दुपारी: ११ आणि १२ तसेच, १ ते ५ मध्ये १२ मिळवा. संध्याकाळी: ४ ते ८ मध्ये १२. सकाळी: ५ ते ११ तसेच. पहाटे: २ ते ६ तसेच. रात्री: ७ ते ११ मध्ये १२, आणि १२, १, २, ३ यांची कथा खाली. मुभेबाहेरचं काही आलं, जसं ‘सकाळी ३’, तर चूक म्हणून परत पाठवा, ओढून-ताणून बसवू नका.

‘शुक्रवारी रात्री साडेबारा’ म्हणजे कॅलेंडरवर शनिवार ००:३०. बोलणाऱ्याच्या लेखी झोपून उठेपर्यंत शुक्रवारच असतो. म्हणून ‘रात्री’ हा शब्द आणि तास १२, १, २ किंवा ३ असेल तर वार काढून झाल्यावर एक दिवस मिळवा. पण रेल्वेसारखं २४ तासांच्या घड्याळात ‘शनिवार ००:३०’ लिहिलं असेल तर काही मिळवायचं नाही, तो शनिवारच. ‘पहाटे’ला हा नियम लावू नका, ‘शनिवारी पहाटे चार’ म्हणजे शनिवारच. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाडीसाठी लोक एक दिवस उशिरा स्टेशनवर पोचतात तो घोळ हाच. त्यामुळे मध्यरात्र ते पहाटे ४ या पट्ट्यातलं प्रत्येक उत्तर ‘शुक्रवार-शनिवार मधली रात्र’ अशा शब्दांत दाखवा.

याला एक उपकोपरा आहे. आत्ता गुरुवार ००:१० आहे आणि कुणी ‘बुधवारी रात्री साडेबारा’ लिहिलं तर त्याला अजून वीस मिनिटांनी येणारी वेळ म्हणायची आहे. सूत्र मात्र पुढचा बुधवार देईल. म्हणून ‘आत्ता’ पहाटे ४ च्या आतलं असेल तर ‘आज’ म्हणून कालचा दिवस धरूनही एकदा गणित करा, आणि येणारी वेळ त्यातून मिळाली तर ती घ्या. त्याच तासांत आलेल्या ‘उद्या’ची खातरजमा नेहमीच करा.

प्रहरच नसेल, नुसतं ‘शनिवारी ७ वाजता’? इथे भाषाशास्त्र पुरे करा आणि वेळापत्रक उघडा. फेऱ्या सकाळी ७, ९ आणि दुपारी ४ला असतील तर ७ एकाच जागी बसतो. आपल्याकडे खरोखर उपलब्ध असलेल्या वेळांशी जुळवणं हा या सगळ्या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

पट्टे आणि याद्या

‘सोम-शनि स. ८ ते दु. १२, सं. ४ ते ८’ यासारख्या ओळीतून तारीख काढायचीच नाही. तो नियम आहे. वारांचा संच आणि वेळांच्या जोड्या म्हणून साठवा आणि ‘आत्ता उघडं आहे का’ हे वाचताना काढा. ‘दर बुधवारी’चंही तसंच, त्याची येत्या बुधवारची एकच तारीख साठवली की आठवड्याने बाजार बंद पडतो.

‘ते’ म्हणजे पट्टा. ‘व’, ‘आणि’, स्वल्पविराम म्हणजे यादी. आडव्या रेघेचा भरवसा नाही: ‘सोमवार-गुरुवार’ला बोट चारही दिवस सुटते की दोनच दिवस, हे मालकालाच विचारावं लागतं. शेजारचे वार असतील, जसं शनिवार-रविवार, तर दोन्ही अर्थ एकच. पट्टा आठवड्याचं टोक ओलांडू शकतो, ‘शनि ते सोम’ म्हणजे ६, ०, १. म्हणून एकेक वाढवत % ७ करा. वेळेच्या पट्ट्यात दुसऱ्या आकड्याला प्रहर नसेल तर पहिल्याचा लावून बघा. शेवट सुरुवातीच्या आधी पडला, ‘सकाळी ९ ते ६’, तर १२ मिळवा. दोन्हींना प्रहर आहेत आणि तरी शेवट आधी येतो, ‘रा. १० ते प. ५’, तर शेवट दुसऱ्या दिवशी.

वारासोबत तारीखही दिली असेल तर ती देणगी समजा, दोन्ही पडताळून बघा. ‘शनिवार ८ नोव्हेंबर’ आलं तर २०२६ मध्ये ८ला रविवार आहे. कुठलंही एक निवडू नका. ‘शनिवार ७ की रविवार ८?’ असं विचारा. वर्ष नसेल तर आजच्या पुढची पहिली तारीख घ्या. नोव्हेंबरात लिहिलेली ‘३ जानेवारी’ २०२७ ची. ‘गणपतीत’, ‘शिमग्यात’, ‘संकष्टीला’ यांना वाराचा पार्सर पुरत नाही. मोजक्या सणांची वर्षवार यादी हाताने ठेवा, जसं गणेश चतुर्थी २०२६ म्हणजे १४ सप्टेंबर. तिथीचं गणित स्वतः करायला जाऊ नका.

काय परत द्यायचं, काय साठवायचं

पार्सरने नुसती तारीख परत देऊ नये. चार गोष्टी द्याव्यात: स्थिती (नक्की, पर्याय आहेत, विसंगती, कळलं नाही), तारखा, कुठल्या शब्दांवरून काढल्या, आणि कुठले शब्द न वापरता उरले. उरलेले शब्द फार बोलके असतात. भाषा-मॉडेलकडून वाक्यातले वार आणि वेळ उचलून घेतलेत तरी चालेल, पण बेरीज-वजाबाकी आपल्या कोडनेच करावी.

मुक्कामाची तारीख ही तारीख म्हणूनच साठवा, क्षण म्हणून नाही. जावास्क्रिप्ट वेळ नसलेली ‘२०२६-११-०७’ ही स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) यूटीसी मध्यरात्र समजतं. रत्नागिरीत ती पहाटे साडेपाच दिसते, तारीख बरोबर राहते, सगळे खूश. न्यूयॉर्कच्या पाहुण्याला तीच ६ नोव्हेंबर दिसते. तीच स्ट्रिंग वेळेसकट दिली, पण टाइमझोनशिवाय, तर मात्र ती स्थानिक वेळ धरली जाते. विसंगत आहे, पण नियम तसाच आहे. बोटीच्या फेरीसाठी स्थानिक तारीख, स्थानिक वेळ, टाइमझोनचं नाव आणि यूटीसी क्षण चारही ठेवा. आणि मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवा, कारण वाद झाला तर तोच कामाला येतो.

तारीख कळणं आणि त्या दिवशी फेरी असणं या वेगळ्या गोष्टी. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात थांबतात, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक निराळं असतं. हे पार्सरमध्ये घुसवू नका, पुढच्या पायरीवर तपासा. ‘तुमचा मजकूर कळला नाही’ आणि ‘१८ जुलैला फेरी नाही’ या दोन उत्तरांत गिऱ्हाईकाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. उत्तर दाखवताना ‘एमआर-आयएन’ आणि ‘एशिया/कोलकाता’ देऊन पूर्ण वारासकट दाखवा: ‘शनिवार, ७ नोव्हेंबर २०२६, सकाळी ७:३०. बरोबर?’

चाचण्या

‘आत्ता’ बुधवार, ४ नोव्हेंबर २०२६, १०:३० असं पक्कं करून किमान एवढं तपासा.

| मजकूर | अपेक्षित |
|---|---|
| शनिवारी सकाळी साडेसात | ७ नोव्हेंबर, ०७:३० |
| बुधवारी दुपारी अडीच | ४ नोव्हेंबर, १४:३० |
| बुधवारी सकाळी नऊ | ११ नोव्हेंबर, ०९:०० |
| पुढच्या शनिवारी | पर्याय: ७ किंवा १४ नोव्हेंबर |
| शुक्रवारी रात्री साडेबारा | ७ नोव्हेंबर, ००:३० |
| शनिवार ००:३० | ७ नोव्हेंबर, ००:३० |
| आयतवारी सकाळी पावणेआठ | ८ नोव्हेंबर, ०७:४५ |
| गुरुवारी स. ९ः३० (विसर्गासह) | ५ नोव्हेंबर, ०९:३० |
| शनिवार ८ नोव्हेंबर | विसंगती |
| शनिवारी नको, रविवारी चालेल | माणसाकडे |
| सोमेश्वरला कसं यायचं? | वार नाही |

मग हाच तक्ता ‘आत्ता’ गुरुवार ००:३० धरून, ३१ डिसेंबर धरून आणि २८ फेब्रुवारी २०२८ धरून पुन्हा लिहा; २०२८ लीप वर्ष आहे. शेवटी संगणकाचा टाइमझोन आधी यूटीसी, मग लंडन, मग न्यूयॉर्क असा बदलून तिन्ही वेळा सगळ्या चाचण्या चालवा. एखादं उत्तर बदललं, तर कोडमध्ये कुठेतरी अजून यंत्राच्या घड्याळाला ‘आज’ विचारला जातोय. तो शब्दशः शोध घेऊन काढा. बहुतेक वेळा तो पार्सरमध्ये नसतो, उत्तर छापणाऱ्या ओळीत असतो.